फौजी पेन्शनचा दावा : वकीलपत्र द्यावे कसे, काढून घ्यावे कसे



हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आणि पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस एकच, नोव्हेंबर महिना. त्यामुळे या महिन्यात शिवारफेरीला गेलो की घाटेअळीपेक्षा पेन्शनच्या फायलीच जास्त पाहाव्या लागतात. आमच्या भागात ते साहजिकही आहे. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे मिलिटरी, शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी, ही गावे नावानेच ओळख सांगतात. पण नावात मिलिटरी नसलेल्या गावांतही पारावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांत एखादा सुभेदार किंवा हवालदार निघतोच. या घरांतून अलीकडे मला एकच प्रश्न वरचेवर येतो. "साहेब, दाव्यासाठी माणूस लावलाय, पण काम पुढं सरकंना. दुसरा लावता येतो का? आणि पहिल्यानं कागद अडवले तर?"

मी शेतीचा पदवीधर, वकील नव्हे. पण ज्या घरात पेन्शन अडते त्या घरातले खत-बियाणेही अडते, म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घेत आहे.

पहिली गोष्ट ही, की पुष्कळ कामांना 'माणूस' लागतच नाही. बायकोचे नाव सर्व्हिस रेकॉर्डात चुकले आहे, जन्मतारीख जुळत नाही, फौजीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायचे आहे, ही सारी कामे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. सैनिक कल्याण कार्यालयातल्या मदतीला फी नाही. पेन्शन मंजुरीचा आणि वाटपाचा कारभार आता प्रयागराजच्या कार्यालयाकडून 'स्पर्श' नावाच्या संगणक व्यवस्थेवर चालतो.

आपल्या लोकांची अडचण अशी, की फाइल हातात घेऊन शहरात जाणाऱ्या प्रत्येकाला ते 'वकील' म्हणतात. त्यात तीन जाती आहेत. एक नुसता मदतनीस, म्हणजे एजंट. त्याला कायद्याने काही अधिकार नाही. दुसरा मुखत्यार, ज्याला तुम्ही मुखत्यारपत्र लिहून देता. तिसरा सनदी वकील, ज्याला वकीलपत्र देता. शेतातला गडी, वाटेकरी आणि खरेदीदार यांत जेवढा फरक, तेवढाच या तिघांत आहे, आणि बहुतेक घोटाळा पहिल्या जातीकडून होतो.

आमच्या तालुक्यातल्या एका वाडीतली गोष्ट सांगतो. नाईक पदावरून निवृत्त झालेला गडी वारला. रेकॉर्डात बायकोचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे. त्यामुळे कुटुंब पेन्शन अडकली. एका इसमाने काम करून देतो म्हणून त्या आजीबाईंचा अंगठा स्टॅम्पपेपरवर घेतला. आत काय लिहिले ते कुणी वाचून दाखवले नाही. पुढे कळले, की मिळेल त्या थकबाकीतला निम्मा हिस्सा आणि नंतर वर्षभर दरमहा पेन्शनमधला भाग त्याचा. बँकेचे पैसे काढायचे चार कोरे फॉर्म अंगठे उठवून त्याच्याकडे, आणि 'स्पर्श'वर नोंदवलेला मोबाइल नंबरही त्याचाच. म्हणजे ओटीपी त्याच्या खिशात, निरोप त्याच्या खिशात, आणि आजीबाई विहिरीवर पाणी शेंदतायत.

आजीबाईंचा पुतण्या मला म्हणाला, "लिहून दिलंय म्हटल्यावर आता काय करायचं? शब्द मोडला असं व्हायला नको." आपल्या माणसाचा हा सरळपणा मला नेहमी चटका लावतो. मी त्याला सांगितले ते तुम्हीही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे १८७१ सालचा पेन्शन कायदा आजही लागू आहे. त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे सरकारी पेन्शनवर सावकाराला किंवा अन्य देणेकऱ्याला जप्ती आणता येत नाही. आणि बाराव्या कलमाप्रमाणे, जी पेन्शनची रक्कम अजून देय झालेली नाही तिच्यावर आगाऊ केलेला करार, विक्री किंवा तारण रद्दबातल आहे. पुढच्या महिन्यांच्या पेन्शनमधला वाटा लिहून घेणारा कागद म्हणजे उगवणशक्ती नसलेले बियाणे. पेन्शनचे पासबुक किंवा एटीएम कार्ड तारण ठेवून घेणाऱ्यांनाही हे एकदा ऐकवायला हरकत नाही.

मग कामे क्रमाने झाली. बँकेत लेखी अर्ज देऊन ते कोरे फॉर्म चालवू नयेत असे कळवले. सेवा केंद्रात आधार दाखवून मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज केला. नवा नंबर नातीचा दिला. सैनिक कल्याण कार्यालयातून दोन्ही नावांची बाई एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र रेकॉर्ड ऑफिसला गेले, तिथे नावदुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली, आणि पेन्शन सुरू झाली. वेळ लागला, सात-आठ महिने गेले. पण कुणाला निम्मे द्यावे लागले नाही.

आता खऱ्या वकिलाची गरज कधी, ते पाहू. अपंगत्व पेन्शन नाकारली, अपिलेही फेटाळली, किंवा अर्ज देऊन सहा महिने झाले तरी अंतिम उत्तर नाही, अशा वेळी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे दार आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले, आणि महाराष्ट्र व गोव्यातल्या माजी सैनिकांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. निवृत्त माणसाला आपण राहतो त्या भागातल्या खंडपीठापुढे दावा करता येतो. फौजेत असताना पंजाबात होतो म्हणून चंदीगडला धावण्याचे कारण नाही. मात्र हे न्यायाधिकरण भूदल, नौदल आणि हवाई दलाचे. सीमा सुरक्षा दल किंवा सीआरपीएफच्या जवानांचा रस्ता वेगळा, त्यांना उच्च न्यायालयाकडे जावे लागते. गावातले एजंट दोघांकडूनही सारखेच पैसे घेतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

मुदत जपा. अंतिम आदेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज व्हावा असा नियम आहे. योग्य कारण असेल तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते, आणि पेन्शनचे नुकसान दरमहा नव्याने होत असल्याने जुने दावेही ऐकले जातात. पण थकबाकीचे काय? २००८ च्या तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेल्याची थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती धरली. दहा वर्षे फाइल माळ्यावर ठेवली तर त्यातली सात वर्षे वाळवीने खाल्ली म्हणायची.

न्यायाधिकरणापुढे तुम्ही स्वतः उभे राहू शकता किंवा आपल्या पसंतीचा वकील देऊ शकता. कायद्याचे पंचविसावे कलम तसे सांगते. वकील द्यायचा तर वकीलपत्रावर सही करावी लागते. हा छापील कागद असतो म्हणून आपण न वाचता सही ठोकतो. त्यात तडजोड करणे, दावा मागे घेणे, पैसे स्वीकारणे असे अधिकारही दिलेले असू शकतात. पैसे स्वीकारण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर ती ओळ खोडून बाजूला सही करावी. पेन्शन सरळ तुमच्या खात्यात येणार असताना मधल्या हाताची गरज काय? कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. झेरॉक्स घरी ठेवावी. किटकनाशकाच्या दुकानात पावती मागायला जो संकोच वाटत नाही, तो इथेही वाटू नये.

फीची बोली आधी आणि लेखी करावी. "जिंकलो तर वीस टक्के" ही बोली ऐकायला गोड लागते, कारण आज खिशातून काही जात नाही. पण निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. जो वकील पहिल्याच भेटीत स्वतःचा नियम मोडतो, त्याच्याबद्दल माझे मत मी वेगळे लिहायला नको.

पैसेच नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठराविक मर्यादेखाली उत्पन्न असलेले यांना वकील फुकट मिळतो. वीरपत्नीला उत्पन्नाचा दाखलाही मागायचा नसतो, ती स्त्री आहे एवढे पुरे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदा सल्ल्याची सोय करावी असा तिचा हेतू. मदतीचा फोन १५१००. तिथून मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर कारणे लिहून प्राधिकरणाकडेच अर्ज करावा, ते बदलून देऊ शकतात.

आता मुख्य प्रश्न, वकील बदलण्याचा. बदलता येतो. वकीलपत्र म्हणजे लग्नगाठ नव्हे. पण दिवाणी कायद्याची रीत अशी, की एकदा दाखल झालेले वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने आणि लेखी कागदाने रद्द होईपर्यंत चालू राहते, आणि न्यायाधिकरणातही वहिवाट तीच आहे. नुसते फोनवर "उद्यापासून तुम्ही येऊ नका" म्हटल्याने काही होत नाही. दफ्तरी जुनाच वकील राहतो आणि नोटीस त्यालाच जाते.

तेव्हा रीत अशी. आधी जुन्या वकिलाला भेटून, राग गिळून, ना हरकत मागावी. बहुतेक वकील देतात. नव्या वकीलपत्रावरच तशी सही करतात. नकार आला तर नवा वकील कारणे सांगून न्यायाधिकरणाची परवानगी मागतो. कारण जुन्याच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याने उभे राहू नये असा त्यांच्यातला नियम आहे. या सगळ्यात पुढची तारीख कधी आहे ते स्वतः पाहून ठेवावे. एका माजी हवालदाराने, कानाच्या बहिरेपणाचा दावा होता त्याचा, तारखेला आठ दिवस असताना वकिलाला काढायचे ठरवले. नवा अजून पाहिलेला नव्हता. मी म्हटले, "तात्या, तास निम्म्यात असताना बैल सोडता का कधी?" तारीख होऊ दिली, मग बदल केला.

त्याचेच पुढचे दुखणे म्हणजे कागद. वैद्यकीय मंडळाचा मूळ अहवाल जुन्या वकिलाकडे, आणि "उरलेली फी द्या, मग फाइल" असा निरोप. ऑगस्ट २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना खटल्यात हे स्पष्ट केले आहे, की फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे वकिलाला अडवून धरता येत नाहीत. फीचा वाद असेल तर तो त्याने वेगळ्या मार्गाने मांडावा. तात्यांनी एवढेच रजिस्टर पोस्टाने लिहिले आणि पोच जपली. फाइल पंधरा दिवसांत घरी आली. न आल्यास तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची असते. ग्राहक मंचाकडे जाऊ नये, कारण वकिलाची सेवा त्या कायद्यात येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले. अर्थात केलेल्या कामाची फी बुडवणे हेही बरे नव्हे. मजुरी देऊनच गडी बदलावा. उलट वकीलच काम सोडत असेल तर त्याने पुरेशी आगाऊ सूचना द्यायला हवी आणि न केलेल्या कामाची फी परत करायला हवी.

मुखत्यारपत्राचे थोडक्यात सांगतो. म्हातारपणी मुलाला किंवा पुतण्याला मुखत्यार करणे सोयीचे असते, पण त्यात जमिनीचे अधिकार मिसळू देऊ नका. पेन्शनच्या दाव्यापुरतेच लिहा. ते रद्द करता येते. मात्र रद्द केल्याचे मुखत्याराला आणि जिथे जिथे ते दाखवले तिथे, म्हणजे बँक, रेकॉर्ड ऑफिस, सैनिक कल्याण कार्यालय, लेखी कळवले पाहिजे. कारण ज्याला माहीत नाही त्याच्या दृष्टीने ते चालूच राहते. आणि फौजी वारला की त्याने दिलेले मुखत्यारपत्र त्याच दिवशी संपते. वकीलपत्राचेही तसेच. चालू दाव्यात वारस म्हणून पत्नीचे नाव लावून घ्यायला आणि तिच्या सहीचे नवे वकीलपत्र द्यायला सुतक फिटल्यावर उशीर करू नये. त्या गडबडीत जुना वकील "मी पाहतो" म्हणतो, घरचे निर्धास्त होतात, आणि दावा वारसाअभावी निकाली निघतो.

फौजींच्या घरी एक हिरवी किंवा खाकी पत्र्याची ट्रंक असते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि नामंजुरीची पत्रे तिच्यातच राहू द्यावीत. वकील असो वा एजंट, बाहेर फक्त झेरॉक्स जावी, आणि मूळ कागद द्यावाच लागला तर पोच घेऊन.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कामगंध सापळे. ज्यांनी मर रोगाबद्दल पत्रे पाठवली आहेत त्यांना उत्तर तिथेच मिळेल.