परदेश आणि परदेशी

मराठी प्रवासलेखनात अलीकडे एक नवा सद्गुण दाखल झाला आहे. त्याचे नाव अस्वस्थता. जुना प्रवासी पॅरिस पाहून भारावून जाई आणि तसे सरळ लिही. नवा प्रवासी कंबोडियाला किंवा केनियाला जातो, चांगल्या हॉटेलात उतरतो, पाहायचे ते सगळे पाहतो आणि परत आल्यावर लिहितो, की तिथली गरिबी पाहून मला माझ्या सुस्थितीची लाज वाटली. वाचक हळहळतो, लेखक संवेदनशील ठरतो. माझा आक्षेप या लाजेवर आहे. ती खोटी असते असे मी म्हणत नाही. पण ती फुकट असते. तिच्यापायी कुणाचे देणे फिटत नाही, आणि जिच्यामुळे किंवा ज्याच्यामुळे ती वाटली त्या माणसाशी पुन्हा गाठ पडण्याची भीतीही नसते.

ही लाज तपासायची तर परदेश जवळचा निवडावा, जिथला माणूस पुन्हा भेटतो. मी लखनौ निवडतो. लखनौला परदेश म्हणायला मराठी माणसाची हरकत असू नये. उत्तरेकडून आलेल्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘परदेशी’च म्हणत आलो; ते आडनावही होऊन बसले. आता त्याच परदेशात आपण विमानाने जातो आणि तीन दिवसांत रेसिडेन्सी, बडा इमामबाडा, चौकातले कबाब आणि चिकनचे कुर्ते उरकून परततो.

रेसिडेन्सीपासून सुरुवात करू. 1857 च्या जूनअखेरीस तिथे वेढा पडला, तो नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने आतल्या माणसांना बाहेर काढले तेव्हा संपला. बंड मोडल्यावर तोफांनी फुटलेल्या भिंती मुद्दाम तशाच ठेवल्या गेल्या. इंग्रज प्रवासी दिल्ली, कानपूर, लखनौ असा फेरा करीत आणि इथल्या थडग्यांपाशी गहिवरत. 1947 च्या ऑगस्टपर्यंत इथला युनियन जॅक सूर्यास्तानंतरही उतरवला जात नसे. त्या गहिवरात खोटे काही नव्हते. त्यांचीच माणसे तिथे पुरलेली होती. पण मार्च 1858 मध्ये इंग्रजी फौजेने जवळचाच कैसरबाग लुटला होता, आणि त्या लुटीची हकिकत ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याने छापून ठेवली होती. माहिती हाताशी होती, तरी फेरा थडग्यांभोवतीच फिरत राहिला. पर्यटकाची भावना खरी असूनही किती सोयीस्कर असू शकते, हे त्यावरून समजावे.

आपण त्यांच्याहून वेगळे आहोत का? बडा इमामबाडा नवाब आसफ-उद्दौलाने दुष्काळात, 1784 मध्ये बांधायला घेतला, तो उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून. सुमारे 50 मीटर लांबीचे, मधे एकही तुळई किंवा खांब नसलेले त्याचे दालन करबलाच्या शोकासाठी आहे. मोहरमात तिथे लोक रडतात. आपला पर्यटक त्या दालनातून घाईने पुढे सरकतो, कारण त्याला वरच्या भूलभुलैयाकडे जायचे असते. तिथे एका टोकाला ओढलेल्या काडीचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, आणि ती गंमत फोनवर टिपता येते. दुष्काळ आणि शोक दोन्ही वाटेत लागतात. दोन्हींपाशी थांबायला सहलीच्या वेळापत्रकात जागा नसते.

मग चिकन. कापडावर लाकडी ठशांनी नक्षी उमटवायची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालायचे आणि शेवटी धुवून ठशाचा रंग घालवायचा, असे हे काम. टाक्यांचे काम बहुतेक बायका करतात, घरी बसून, नगावर, आणि त्यांच्यात आणि दुकानात मध्यस्थांची साखळी असते. 2008 मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले गेले, पण नगाचा दर मध्यस्थच ठरवत राहिला. संवेदनशील पर्यटकाला हे ठाऊक असते. त्याला वाईट वाटते. आणि त्याच संध्याकाळी कुर्त्यामागे दोनशे रुपये पाडून घेतल्याचा आनंदही होतो. ही दोन्ही सुखे एकाच मनात सुखाने नांदतात, म्हणून मी म्हणतो की ती अस्वस्थता फुकट आहे.

यावर उत्तर येईल, की पर्यटनाने शहराला रोजगार मिळतो, आणि मग्रूर पर्यटकापेक्षा लाजणारा बरा. दोन्ही खरे आहे. शिवाय व्हिसाच्या खिडकीपाशी आपणही अपमान सोसतोच, असेही कुणी म्हणेल. तेही खरे. बँकेतली शिल्लक, नोकरीचे पत्र, परतीचे तिकीट दाखवून ‘मी तुमच्याकडे राहायला येत नाही’ असे पटवून देताना आपल्याला राग येतो. मग तोच प्रश्न आपण कुणाला विचारतो, हे का आठवू नये?

मुंबई आणि लखनौच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेस रोज धावते. त्या रुळांवरून अवधचा माणूस महाराष्ट्रात येतो तेव्हा त्याला ‘पहले आप’ कुणी म्हणत नाही. 2008 च्या ऑक्टोबरात रेल्वे भरतीची परीक्षा द्यायला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई परिसरातल्या केंद्रांवर मारहाण झाली. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीने काम गेलेल्या मजुरांना घेऊन नाशिकहून लखनौला श्रमिक विशेष गाडी निघाली, आणि ज्यांना गाडी मिळाली नाही ते मुंबई-नाशिक महामार्गाने चालत सुटले. आपण तिकडे जातो तो प्रवास, ते इकडे येतात ते लोंढे. शब्दच पाहा.

याहून वेगळे जाणे मराठी माणसाला माहीत नव्हते असे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायला दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला. त्यांना सुखरूप परतीची हमी कुणी दिली नव्हती, म्हणून भोवतालच्या माणसांचे भय त्यांच्या पानांत उतरले. वाळकेश्वरचे विष्णु नारायण भातखंडे घराणेदार गवयांकडून बंदिशी घेत देशभर फिरले. उस्तादांविषयीच्या त्यांच्या भूमिकेवर आक्षेप आहेत, आणि ते घेतले जावेत. पण 1926 मध्ये लखनौला त्यांनी संगीताचे कॉलेज उभे केले, आणि ते आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्यांनी जिथून घेतले तिथे काही ठेवले.

प्रत्येक पर्यटकाने कॉलेज काढावे असे मी म्हणत नाही. त्याच्याकडून मला मागायचे आहे ते फार थोडे आहे. कुर्त्याची सांगितलेली किंमत द्यावी. इमामबाड्यात शोकाच्या दालनात थोडे थांबावे. आणि घरी परतल्यावर, ठाण्याच्या किंवा पुण्याच्या आपल्या सोसायटीत अवधकडच्या एखाद्या मुसलमान कुटुंबाला घर भाड्याने देण्याचा विषय निघेल, तेव्हा उठून त्याच्या बाजूने बोलावे. तिथे बोलण्याची किंमत पडते. शेजारी नाराज होतात. ती मोजल्यावर लखनौत काय वाटले ते खुशाल लिहावे.