घेर कुणाचा, भार कुणाला?

मैत्रिणींनो, मी कळंबमध्ये शिलाईकाम करते. हल्ली लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायचे, जुन्या विलायती धाटणीचे घेरदार झगे माझ्याकडे शिवायला येतात. आतल्या कड्यांसाठी दुकानदार म्हणतो, "ठिबकची नळी घाला, ताई. फोटोत आतलं कुठं दिसतं?"

दिसत नाही, पण घालणारीला लागतं! नळी बसताना मुडपते, मग सरळ होत नाही. वेत वाळला की चिरतो, टोचतो. पोलादाची लवचीक पट्टी दबते नि पूर्ववत होते. फक्त टोकांना टोपण हवं. पण ती महाग, म्हणून नको! वरून नायलॉनची जाळी. ती पेटली तर वितळून कातडीला चिकटते. आणि भोवती पणत्या मांडून फोटो काढायचे!

पोलादी कड्यांच्या सांगाड्याचं पेटंट १८५६ चं. एकावर एक घातलेल्या परकरांचं ओझं त्यानं हलकं केलं, हे मान्य. पण १८६३ मध्ये चिलीतल्या सांतियागोच्या चर्चला आग लागली, तेव्हा दोन हजारांवर माणसं गेली, बहुतेक स्त्रिया. रुंद घेरांनी बाहेरची वाट आणखी अडली. थट्टा मात्र होत राहिली बायकांच्या नटण्याची. विकणाऱ्यांना जाब कुणी विचारला?

माझी अट आता ठरली आहे: पोलादी पट्टी, सुती अस्तर, एका ओढीत सुटणारी नाडी आणि जादा कामाची जादा मजुरी. मी एकटीच अडून बसले तर काम दुसरीकडे जाईल. म्हणून शिवणाऱ्या साऱ्याजणी एकच दर, एकच अट सांगू या. घेर किती, ते घालणारी ठरवील. आत काय घालायचं, ते आपण!