बोर्डाच्या पत्र्यातून संगणकाची पेटी



ज्या डब्यात संगणक बसवलेला असतो त्याला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतल्या मदरबोर्डवर बसलेली बिस्किटाएवढी चिप. बाहेरचा डबा म्हणजे कॅबिनेट. चिप आपल्याला घरी बनवता येणार नाही. कॅबिनेट मात्र येते. इतकेच नव्हे, तर त्याला लागणारे हात आपल्या वस्त्यांतच आहेत.

आता कोणी म्हणेल, बाजारात तयार मिळते ते का बनवावे? अनेक विहारांना कुलूपबंद खोली नसते. अभ्यासिकेचा संगणक वर्ग सुटला की कोणाच्या तरी घरी न्यावा लागतो, पुढच्या रविवारी पुन्हा आणावा लागतो. काचेची बाजू आणि रंगीबेरंगी दिवे असलेले जे कॅबिनेट मुलांना हल्ली आवडते, ते रिकामेच सात-आठ किलो भरते. ते घेऊन चाळीचा जिना चढून पाहा. स्वस्तातले पत्र्याचे हलके असते, पण दोन फेऱ्यांत त्याला पोचे पडतात आणि झाकण बसेनासे होते. हलके आणि ताठ असे दोन्ही हवे, आणि तिथेच संमिश्र पदार्थ कामाला येतात.

संमिश्र म्हणजे दोन वेगळे पदार्थ एकत्र करून केलेला तिसरा, दोघांपेक्षा सरस. मातीत भुसा कालवून भिंत लिंपणाऱ्या आपल्या आजीला हे ठाऊक होते. विहारातली फायबरची बुद्धमूर्ती किंवा चौकातला बाबासाहेबांचा फायबरचा पुतळा हाही तोच प्रकार: काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन. खुद्द मदरबोर्डची हिरवी पाटीसुद्धा काचतंतू आणि इपॉक्सी रेझिनची असते.

पुतळ्यांच्या कारखान्यात काम करणारी मुले फायबरचे कॅबिनेट सहज ओततील. पण ते घरात करू नये. रेझिनची वाफ डोळ्याला आणि छातीला लागते, घासताना उडणारी काचेची धूळ त्याहून वाईट. कारखान्यातही मास्क मागून घ्यावा. मालक हसला तर हसू द्यावे. कार्बन फायबरचे नाव मुले मोठ्या कौतुकाने घेतात. ते महाग आहे आणि त्यातून वीज वाहते, त्याची भुकटी मदरबोर्डवर पडली तर शॉर्ट होतो. ते सोडून द्यावे.

आपल्यासाठी सोयीचा तो दुकानांच्या बोर्डांना लागणारा एसीपी पत्रा. मधे प्लॅस्टिकचा थर आणि दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. साधारण 8 फूट बाय 4 फुटांचा येतो, जाडी 3 मि.मी., म्हणजे बोर्डवाल्यांच्या भाषेत एक सूत. बोर्ड कापून उरलेले तुकडे त्यांच्याकडे कोपऱ्यात पडून असतात. एक चौरस मीटर पत्रा साधारण साडेतीन ते चार किलो भरतो. 1 मि.मी. जाडीचा पोलादी पत्रा तेवढ्याच मापाला जवळजवळ 8 किलो भरतो. वजन निम्मे आणि तरीही एसीपी जास्त ताठ. रेल्वेत किंवा बांधकामावर काम केलेल्यांनी लोखंडी गर्डर पाहिला असेल. त्याचे बळ वरच्या आणि खालच्या पट्टीत असते, मधला भाग त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. इथेही तसेच आहे.

40 सें.मी. उंच, 35 सें.मी. खोल आणि 18 सें.मी. रुंद पेटीला साधारण अर्धा चौरस मीटरहून थोडा जास्त पत्रा लागतो. म्हणजे रिकामी पेटी दोन किलोच्या आसपास.

पत्रा वाकवण्याची युक्ती बोर्ड करणाऱ्याकडूनच शिकावी. आतल्या बाजूने इंग्रजी 'व्ही'सारखी खाच पाडायची. बाहेरचा पापुद्रा आणि त्याला चिकटून प्लॅस्टिकचा अगदी पातळ थर राखायचा. मग हाताने दाबले की काटकोन होतो. एकदाच वाकवायचे. मागे-पुढे केले की पापुद्रा तुटला म्हणून समजा. कोपऱ्यांना आतून अॅल्युमिनियमचा अँगल लावून पॉप रिव्हेट मारायचे. कापलेल्या कडा कानशीने घासाव्यात, नाहीतर पोरांची बोटे चिरतील.

खरी गंमत मापात आहे. बोर्डवाला बोलतो फूट, इंच, सुतात. संगणक बोलतो मिलिमीटरमध्ये. मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड 244 मि.मी. बाय 244, मागच्या सॉकेटांची खिडकी सुमारे 159 बाय 44.5, 120 मि.मी. पंख्याच्या स्क्रूंतले अंतर 105. सुताचा फरक पडला तर बोर्डच बसत नाही. बारावीला सायन्स घेतलेली मुलगी आणि पंधरा वर्षे बोर्ड लावणारा तिचा बाप या कामाला एकत्र बसले, तर दोघांपैकी कोणालाच दुसऱ्यावाचून पुढे जाता येणार नाही. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'च्या आपल्या भाषणात म्हटले की, जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. (ते भाषण लाहोरला व्हायचे होते, होऊ दिले नाही.) आपल्याच घरात शिकलेल्या मुलाला बापाच्या हातातले अवजार हलके वाटू लागले तर ती विभागणी आपण उंबऱ्याच्या आत घेतली. मी हे जाणून लिहितो आहे. कॉलेजात गेलेला मुलगा मित्रांसमोर बापाचा धंदा सांगताना अडखळतो, हे अनेक घरांत पाहिले आहे.

माप चुकू नये म्हणून सोपा उपाय: भंगारवाल्याकडून जुने कॅबिनेट घ्यावे आणि त्यातली मदरबोर्ड बसण्याची पोलादी तबकडी व मागची चौकट कापून तशीच वापरावी. तेवढ्याने वजन थोडे वाढते, पण भोके बिनचूक जुळतात. मदरबोर्डखाली पितळी स्टँडऑफ हवेतच. बोर्डच्या मागची डाकाची टोके धातूला टेकली तर सगळा खर्च पाण्यात.

आता विजेविषयी, आणि हा भाग मोठ्या माणसांनी वाचावा. संगणकाच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात, हा अनुभव अनेकांना आहे. 'थोडा करंट मारतो, त्याला काय' म्हणून लोक सोडून देतात. पॉवर सप्लायच्या रचनेमुळे अर्थिंग नसेल तर डब्यावर मेन्सच्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण सप्लायमध्ये बिघाड झाला तर वाचवणारे काहीच नसते. चाळीत, झोपडपट्टीत तिसरी पिन मोडलेले किंवा नुसतीच दाखवायला असलेली सॉकेट सर्रास आढळतात. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, मग संगणक आणावा.

एसीपीच्या पेटीत जास्तीची काळजी लागते. पत्र्यावर रंग असतो आणि रंगातून वीज वाहत नाही. शिवाय आतला आणि बाहेरचा पापुद्रा मधल्या प्लॅस्टिकमुळे एकमेकांपासून तुटलेले असतात. म्हणून प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंचा रंग खरवडून आरपार बोल्ट आणि दातेरी वॉशर लावावा आणि तो तारेने पॉवर सप्लायच्या धातूच्या अंगाला जोडावा. पॉवर सप्लाय स्वतः कधीही उघडू नये. आत 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त डीसी साठलेला असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो.

मधले प्लॅस्टिक पेटते, हेही ध्यानात ठेवावे. लंडनमध्ये 14 जून 2017 रोजी ग्रेनफेल टॉवर या इमारतीला आग लागून 72 माणसे गेली. त्या इमारतीवर असेच प्लॅस्टिक भरलेले अॅल्युमिनियमचे तावदान लावले होते आणि राहणारे बहुतेक कष्टकरी होते. नवा पत्रा घेत असाल तर आग सहज न धरणारा 'एफआर' जातीचा मागावा. पॉवर सप्लाय त्याच्या पोलादी डब्यातच ठेवावा, त्याची जाळी मोकळी राहील असा. प्लॅस्टिकमुळे पेटीच्या भिंतींतून उष्णताही कमी जाते. म्हणून पुढे खालून हवा आत घेणारा एक पंखा आणि मागे वर बाहेर फेकणारा दुसरा, असे दोन पंखे लावावेत. पेटी रात्रभर चालू ठेवून झोपू नये.

वर धरायला कडी लावायची असेल तर ती नुसत्या पत्र्यात बसवू नये, पापुद्रा ओढून निघतो. आतून अॅल्युमिनियमची पट्टी द्यावी आणि बोल्ट तिच्यात आवळावेत. पेटी नेताना मदरबोर्ड खाली येईल अशी आडवी धरावी, म्हणजे चिपवरच्या जड कूलरचा भार बोर्डला वाकवत नाही.