निवासी योगशिबिरे आणि शास्त्रग्रंथांची हेळसांड

आपल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवा प्रघात पडला आहे. पूर्वी प्रकृती सुधारण्यासाठी माणसे हवापालटास जात; आता ती पतंजलीचा अभ्यास करावयास जातात. हृषीकेशास गंगेच्या काठी, गोव्यात समुद्राच्या काठी किंवा सह्याद्रीच्या एखाद्या घाटमाथ्यावर आठवडाभर मुक्काम करावा, पहाटे आसने, दुपारी योगसूत्रांवर व्याख्यान आणि सायंकाळी ध्यान असा दिनक्रम पाळावा, व परतताना एक प्रशस्तिपत्र घेऊन यावे, असा हा प्रकार आहे. मोकळी हवा, सात्त्विक अन्न आणि थोडा व्यायाम ह्यांविषयी आमची तक्रार असण्याचे काहीच कारण नाही. आमची तक्रार निराळी आहे. जाहिरातीत ज्या ग्रंथांची नावे ठळक अक्षरांत छापलेली असतात, ते ग्रंथ अशा बहुतेक शिबिरांतून वाचले जात नाहीत, केवळ उच्चारले जातात. आणि न वाचलेल्या ग्रंथाच्या नावावर वाटेल ते खपविता येते, ही ह्यातील खरी गोम आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. योगसूत्रांचे पाद चार आणि सूत्रे सुमारे १९५. सात दिवस रोज एक तास व्याख्यान झाले, तर एका सूत्राच्या वाट्यास जेमतेम दोन मिनिटे येतात. सूत्रवाङ्मय हे स्वभावतःच विवरणाची अपेक्षा ठेवणारे. ह्या सूत्रांवर व्यासभाष्य झाले, भाष्यावर वाचस्पतिमिश्रांची तत्त्ववैशारदी झाली, पुढे विज्ञानभिक्षूंचे योगवार्त्तिक झाले. आणि हे टीकाकार एकमेकांशी सर्वत्र सहमत आहेत असेही नाही. ज्या वाक्यांवर पंडितांनी शतकानुशतके वाद घातला, ती दोन मिनिटांत समजून घेणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक करावे की धाष्टर्याचे, हे वाचकांनीच ठरवावे. शिक्षक घडविणाऱ्या अभ्यासक्रमांची स्थितीही फारशी वेगळी नाही. योगा अलायन्स ह्या अमेरिकन संस्थेच्या २०० तासांच्या प्रमाणित अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान, इतिहास व नीती ह्या सर्वांस मिळून ३० तास नेमलेले आहेत. हृषीकेशातील कित्येक वर्ग हाच साचा उचलून तीन-चार आठवड्यांत आचार्य तयार करतात!

ह्या घाईचे फळ काय होते, ते आसनाच्या उदाहरणावरून दिसेल. सूत्रकारांनी आसनासाठी अवघी तीन सूत्रे खर्ची घातली असून एकाही आसनाचे नाव घेतलेले नाही. स्थिर आणि सुखकर बैठक एवढाच त्यांचा आशय. नावे येतात ती भाष्यात, आणि तीही मुख्यतः बसण्याच्या प्रकारांची. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनांचे वर्णन आहे. घेरण्डसंहितेत ही संख्या बत्तिसांवर जाते. शिबिरात मात्र पहाटे घामाघूम करणारी जी मालिका चालते, ती पतंजलीने सांगितल्याची सर्वांची प्रामाणिक समजूत असते. आज व्यायाम म्हणून रूढ असलेल्या सूर्यनमस्कारांचा प्रसार विसाव्या शतकात ज्यांनी हिरिरीने केला, त्यांत औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी अग्रभागी होते. ह्याचा महाराष्ट्रास अभिमान वाटावा, हे योग्यच. परंतु हठप्रदीपिकेवरील ज्योत्स्ना टीकेत ब्रह्मानंदांनी फार सूर्यनमस्कार घालण्याची गणना साधकाने टाळावयाच्या कायक्लेशांत केली आहे, ही गोष्ट किती शिबिरांत सांगितली जाते? नमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, म्हणून तो अवश्य घालावा; त्यासाठी पतंजलीची खोटी साक्ष काढण्याची गरज नाही. यमांत सत्याचा क्रमांक दुसरा लागतो, ह्याचा विसर पडू नये.

आता निवासाचाच विचार करू. एकान्तवास हठयोग्यांस मान्यच होता. स्वात्मारामांनी साधकाच्या मठिकेचे वर्णन मोठ्या बारकाईने केले आहे. राज्य सुव्यवस्थित असावे, भिक्षा सुलभ असावी, उपद्रव नसावा. खोलीचे दार लहान असावे, भिंतींस छिद्रे नसावीत, ती फार उंच वा फार खोल नसावी, आणि ती शेणाने नीट सारवलेली असावी. योगाचा नाश करणाऱ्या गोष्टींत अतिआहार, अतिश्रम, वाचाळपणा आणि जनसंग ह्यांची नावे त्यांनी स्पष्ट घेतली आहेत. आता एखाद्या निवासी शिबिराचे माहितीपत्रक उघडून पाहावे. समुद्र दिसेल अशी खोली, तीस-चाळीस जणांचा सहवास, रात्री अनुभवांची देवाणघेवाण आणि निरोपाच्या दिवशी मेजवानी! ज्या ग्रंथाच्या आधारावर शिबिर भरते, त्याने वर्ज्य म्हणून सांगितलेल्या गोष्टीच तेथे आकर्षण म्हणून विकल्या जातात. अपरिग्रहावरील व्याख्यान आटोपताच दाराशी माळा, चटया आणि सुगंधी तेले ह्यांचा बाजार मांडलेला असतो, तो वेगळाच.

ह्यावर दोन आक्षेप हटकून येतील. पहिला असा, की योग हा अनुभवाचा विषय आहे, पोथीचा नव्हे. ठीक आहे, मग जाहिरातीत पोथीचे नाव कशास? शिवाय तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान मिळून क्रियायोग होतो असे पतंजलीच सांगतो. स्वाध्यायात मोक्षशास्त्रांचे अध्ययन येते, असा भाष्यकारांचा खुलासा आहे. दुसरा आक्षेप असा, की काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. व्यायामापुरते हे खरे. ज्ञानाच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. काहीच न वाचलेला मनुष्य निदान विचारतो तरी. सात दिवसांत पतंजली आटोपलेला मनुष्य विचारीत नाही, सांगू लागतो. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता व आदरपूर्वक केला तरच दृढ होतो, ही सूत्रकारांची अट त्याच्या कानांवरून गेलेली असते, पण मनात उतरलेली नसते.

ह्याहून चांगले काही शक्य नाही, असे कोणी म्हणू नये. उदाहरण आपल्या दाराशीच आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, ह्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. एकीकडे उड्डियान व नौली ह्यांची क्ष-किरणांनी परीक्षा, तर दुसरीकडे हस्तलिखिते ताडून ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या, अशी दुहेरी परंपरा तेथे निर्माण झाली. देहावर प्रयोग करावयाचा तो मोजून आणि ग्रंथ सांगावयाचा तो पडताळून, हा त्या पद्धतीचा कणा होता. संस्कृत येत नाही ही सबबही मराठी माणसास शोभत नाही. कृष्णाजी केशव कोल्हटकरांचे पातंजल योगदर्शनाचे सविस्तर विवरण मराठीत आहे. आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तर १२९० सालापासून आपल्या घरचाच आहे. कुंडलिनीचे नाव प्रथम परक्या भाषेत ऐकून चकित होणाऱ्या मराठी तरुणाची कीव येते ती ह्यामुळेच.

सबब आमचे सांगणे थोडे व स्पष्ट आहे. विश्रांती हवी असेल तर खुशाल विश्रांतीस जावे आणि तिला विश्रांतीच म्हणावे. ग्रंथाच्या अभ्यासास म्हणून जावयाचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी विचारावे: कोणता ग्रंथ, त्याचा कोणता पाद, कोणत्या भाष्यासह, आणि शंका विचारावयास वेळ किती? सात दिवसांत समाधिपादातील पहिली सोळा सूत्रे भाष्यासह नीट वाचून झाली तरी ते शिबिर सार्थकी लागले असे आम्ही म्हणू. ह्या प्रश्नांची उत्तरे देणारी शिबिरे आज थोडी आहेत. ती वाढावयाची असतील तर प्रश्न विचारणारे प्रथम वाढले पाहिजेत, आणि ते काम शिबिरवाल्यांचे नव्हे, आपले आहे.