छाती फुगवून मुद्दा सापडत नाही

अंधेरी पूर्वेच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये शनिवारी आत्मविश्वास विकला जातो. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून माणसं सुट्टीवर पाणी सोडून तिथे पोहोचतात, कारण कंपनीचा ईमेल आलेला असतो आणि त्यात ‘उपस्थिती अनिवार्य’ असं लिहिलेलं असतं. ब्लेझरमधले गुरुवर्य अवतरतात, ‘एनर्जी कुठे आहे?’ म्हणून ओरडतात, आणि थोड्याच वेळात पडद्यावर तो सुप्रसिद्ध गोल झळकतो. संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. सगळे वहीत उतरवून घेतात. विचारत कोणीच नाही की हे मोजलं कुणी आणि कशावर?

मोजलं अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने, १९६७ साली, अमेरिकेत. दोन छोटे प्रयोग होते. लोकांना वेगवेगळ्या स्वरांत उच्चारलेले सुटे शब्द ऐकवले, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही? बस्स. भाषण नाही, मीटिंग नाही, तिमाही अहवाल तर नाहीच. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे समीकरण लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलेलं आहे. तरी आमचे गुरुवर्य त्याला ब्रह्मवाक्य मानतात. मग बिनसबटायटलचा तमिळ चित्रपट आपल्याला ९३ टक्के कळायला हवा. कळतो का? आणि शब्दांची किंमत ७ टक्केच असेल, तर हे गृहस्थ सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत तोंडाचा पट्टा कशासाठी चालवतात? फीसुद्धा ७ टक्केच घ्यावी की!

दुपारी जेवणानंतर ‘पॉवर पोझ’. चाळीस धडधाकट माणसं कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, हनुवटी वर करून उभी. याचं मूळ २०१० च्या एका अमेरिकी शोधनिबंधात आहे. माणसं होती ४२. दावा असा की असं दोन मिनिटं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तेच करून पाहिलं. माणसांना थोडं बळ आल्यासारखं वाटलं, पण संप्रेरकं तसूभर हलली नाहीत. २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी जाहीर सांगून टाकलं की हा परिणाम खरा आहे यावर आपला विश्वास उरलेला नाही. लेखिकेने हात झटकले, अंधेरीतले कमरेवरचे हात मात्र अजून खाली आलेले नाहीत.

आता सोमवारकडे या. साकीनाक्याचं एखादं ऑफिस. दोन वर्षं नोकरी झालेली मुलगी मीटिंगमध्ये उभी आहे. माल तीन आठवडे का अडकला, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक आहे, कारण गोदामात फोन करकरून तिनेच ते खणून काढलंय. ती तोंड उघडते. दुसऱ्या वाक्याला साहेब म्हणतात, ‘ते सोड, बॉटम लाइन सांग.’ ती बॉटम लाइन सांगायला जाते, तर म्हणतात, ‘पण बॅकग्राउंड काय?’ मग साहेबांचा फोन वाजतो. फोन संपतो तेव्हा प्रश्न बदललेला असतो. ती ‘अं...’ म्हणते. त्या एका ‘अं’ची नोंद होते! वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये लिहून येतं, कॉन्फिडन्स कमी. आणि शनिवारी ती अंधेरीत कमरेवर हात ठेवून उभी.

साहेबांना ऐकायला शिकवणारा शनिवार कुठे भरतो? कुठेच नाही. आग लावणारा एसीत बसून राहतो आणि जिला चटका बसला तिला न ओरडण्याचं प्रशिक्षण मिळतं. या धंद्याचा पाया हाच. दबाव निर्माण करणाऱ्याला हात लावायचा नाही, कारण चेकवर सही त्याचीच असते.

बरं, आपल्याकडे बोलण्याची सुरुवातच चुकलेली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आपल्याला बोलायला शिकवलं म्हणतात, ते झूट आहे. आपल्याला पाठांतर शिकवलं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ पासून ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ पर्यंत बाईंनी लिहून दिलेला मजकूर, ठरलेल्या ओळीला ठरलेला हात. मधली एक ओळ निसटली की सगळं बोंबललं. तीच मुलं मोठी होऊन इंग्रजी स्लाइड घोकतात, आणि साहेबांनी मध्येच प्रश्न टाकला की तशीच गोठतात. कारण पाठ केलेलं असतं वाक्य. मुद्दा पाठ असावा लागत नाही, तो समजलेला असावा लागतो.

दबावाखाली बोलणं म्हणजे काय, ते मुंबईला एका रेल्वे कर्मचाऱ्याने दाखवलंय. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री सीएसटीवर विष्णू झेंडे उद्घोषकाच्या खोलीत कामावर होते. घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या घोषणा करणारा हा माणूस. आधी त्यांना स्फोट झालासा वाटला, मग खाली बंदूकधारी दिसले. त्यांनी माइक सोडला नाही. एक नंबरच्या फलाटाकडून मागच्या बाजूने बाहेर पडा, असं हिंदीत आणि मराठीत सांगत राहिले. त्यांच्या खोलीवरही गोळीबार झाला, तरी सांगत राहिले. त्या रात्री त्या स्थानकात पन्नासहून जास्त माणसं मारली गेली. शेकडो माणसं त्या आवाजामुळे वाचली. कुठली पोझ घेतली होती त्यांनी? कुठला फलाट कुठे उघडतो, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ऐकणाऱ्याला कोणत्या भाषेत कळेल हेही. एवढंच त्यांच्याकडे होतं आणि तेवढं पुरलं.

आणि ज्याला हे लोक जिभेला पीळ देत ‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स’ म्हणतात, ते पाहायचं असेल तर गोरेगावच्या मृणालताई गोरे आठवा. १९६१ मध्ये महापालिकेत निवडून आल्या, १९७२ मध्ये विधानसभेत, १९७७ मध्ये लोकसभेत. साधी सुती साडी. पण उपनगरातल्या पाण्याचा प्रश्न त्यांनी असा लावून धरला की लोकांनी नावच ठेवलं, पाणीवाली बाई. बाई बोलायला उभ्या राहिल्या की अधिकारी सावरून बसायचे, कारण नळाला पाणी का येत नाही हे बाईंना माहीत असायचं.

तेव्हा शनिवारच्या हॉलात जे मिळत नाही ते इथे घ्या. निष्कर्ष पहिल्या वाक्यात सांगा, कारण दुसरं वाक्य तुमच्या हातात असेलच असं नाही. आदल्या दिवशी मित्राला समोर बसवा आणि त्याला मुद्दाम तोडायला सांगा. आरशासमोर बोलू नका, आरसा प्रश्न विचारत नाही. साहेबांनी तोडलं तर ‘एवढं वाक्य पुरं करू द्या’ असं शांतपणे म्हणा. ठाऊक नसेल तर ‘आत्ता माहीत नाही, चारपर्यंत सांगते’ म्हणा आणि चारच्या आत सांगा. इंग्रजी अडलं तर हिंदीत सांगा, मराठीत सांगा. मुद्दा बरोबर असेल तर तो कोणत्याही भाषेत बरोबरच असतो.

आणि पुढच्या शनिवारचा ईमेल आला की एचआरला लेखी विचारा, या प्रशिक्षणाला साहेब येणार आहेत का? उत्तर येईपर्यंत नाव नोंदवू नका.