कोऱ्या पाटीची धास्ती

डहाणू-तलासरीतून कायद्याच्या अभ्यासक्रमाला निघालेल्या मुलांची धास्ती बहुधा एकच असते: बाकीचे तयार होऊन येतील, आपली पाटी कोरी. खरंच कोरी? २० जून १९९१च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने ज्या डहाणू तालुक्यातल्या उद्योगांना लगाम घातला, जिथे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण प्राधिकरण नेमलं गेलं, जिथे वनहक्काचा दावा आणि आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याची ग्रामसभा घरच्या बोलण्यात असते, तिथल्या मुलाने कायदा पुस्तकाआधी पाहिलेला असतो. म्हणून सुट्टीत जाडजूड ग्रंथांशी झटण्यापेक्षा (ते पुढे छळणार आहेतच) घरचा सातबारा आणि वनहक्क कायद्याचं तिसरं कलम शेजारी ठेवून वाचावं, एखादा दिवस तालुका न्यायालयात मागच्या बाकावर बसावं.

इंग्रजीचं काय, हा आक्षेप रास्त आहे. उच्च न्यायालयाचे निवाडे त्याच भाषेत येतात. पण खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, राज्यघटनाही मराठीत मिळते. आधी मराठीत अर्थ पक्का करावा, मग तेच पान इंग्रजीत वाचावं. वारली बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी तिसरी भाषा. परकी भाषा कशी आपलीशी करायची, हे तो शाळेत मराठी शिकतानाच शिकला आहे.