चित्रफीत संपल्यावर



डासांपासून होणाऱ्या रोगांविषयी भिंतींवर सूचना लिहिलेल्या असतात. पत्रके वाटली जातात, भाषणे होतात. तरीही दर पावसाळ्यात डेंग्यूचे आणि हिवतापाचे रुग्ण सापडतात. मग लोकांना हे समजावून सांगायचे तरी कसे? माझ्या मते यासाठी चित्रफितीसारखे दुसरे साधन नाही. मात्र ती आपल्या वस्तीची आणि आपल्या बोलीतली असावी.

पिंपातल्या पाण्यात वळवळणारी अळी आपण सर्वांनी पाहिलेली असते. पण तीच अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. चित्रफितीत ते दोन मिनिटांत दिसते. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ते कळते.

ही कल्पना नवी नाही. १९४३ साली वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने हिवतापावर एक छोटा चित्रपट काढला होता. हिमगौरीच्या गोष्टीतले सात बुटके त्यात डासांशी लढतात. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना उपग्रहाच्या मदतीने दूरदर्शनवर शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवण्यात आले.

आता माझा अनुभव सांगतो. आमची शाळा यंत्रमागांच्या वस्तीत आहे. एकदा शाळेच्या पटांगणात आम्ही डेंग्यूवरची चित्रफीत दाखवली. ‘घरात पाणी साठवू नका,’ असे तिच्यात वारंवार सांगितले होते. ती संपल्यावर एक वृद्ध खाला उठून म्हणाल्या, “मास्टरसाहेब, आमच्या नळाला दोन दिवसांआड पाणी येते. साठवले नाही, तर मुलांना पाजू काय? हा सिनेमा रोज पाणी येणाऱ्यांचा आहे.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्याच महिन्यात त्या गल्लीतला माझा एक विद्यार्थी डेंग्यूने आजारी पडला. अल्लाहच्या कृपेने तो बरा झाला. पण त्याच्या खाटेजवळ बसलो असताना मला माझी चूक उमगली. मी चित्रफीत दाखवली होती, शिकवले काहीच नव्हते.

मग नववीच्या मुलांनी मोबाइलवर स्वतःच सहा मिनिटांची चित्रफीत तयार केली. तिच्यातली गल्ली आमची होती आणि भाषा घरातली उर्दू होती. ‘पाणी साठवा, पण झाकून ठेवा,’ असे तिने सांगितले. पिंपाच्या तोंडाला जुनी ओढणी घट्ट कशी बांधावी, हे त्याच खालांनी करून दाखवले. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या कडेला, पिंपाच्या आतल्या बाजूस अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ते आतून घासावे लागते. मुलांनी त्यासाठी शुक्रवार ठरवला. हा डास दिवसा चावतो. म्हणून दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी, हेही त्यांनी दाखवले. कूलरमधले पाणी आणि छतावर टाकलेले जुने टायर यांनाही ती विसरली नाहीत.

कोणी म्हणेल, आता घरोघरी मोबाइल आहे. चित्रफीत पाठवून दिली की झाले! मला हे पटत नाही. एकट्याने पाहिलेली चित्रफीत लवकर विसरली जाते. चारचौघांत पाहिली, तर कोणीतरी प्रश्न विचारतो. खालांनी प्रश्न विचारला नसता, तर आमची चूक आम्हाला कधीच कळली नसती.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. चित्रफितीने एकही डास मरत नाही. आमची चित्रफीत पाहिल्यानंतरही काही घरांतल्या पिंपांत अळ्या सापडल्या. मुले रागावली नाहीत. पुढच्या शुक्रवारी हातात ब्रश घेऊन ती पुन्हा त्याच दारांत उभी राहिली.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या मोहल्ल्याची अशी चित्रफीत तयार करा. ती दाखवा, लोकांचे म्हणणे ऐका. पण सर्वांत आधी आपल्या घरचे पिंप उघडून पाहा.